घोडी पोळ्याला जेवली तेव्हा

माझं माहेर वणीचं. वडील खाणीच्या ऑफिसात कारकून. घराबाहेर दिवसभर ट्रकच ट्रक, कोळशाची धूळ, आणि जनावर म्हणाल तर गल्लीतली दोन कुत्री. घोडा मी पाहिला होता तो फक्त वरातीत, तोही नवरदेवासकट. त्यामुळे लग्न होऊन बोरी अरबला आले आणि पहिल्याच सकाळी मागच्या अंगणात तबेला दिसला, तेव्हा मी नवऱ्याला म्हटलं, "हे तुम्ही सांगितलं नव्हतं." तो म्हणाला, "तू विचारलंच नाही." आता मुलगी बघायला आलेल्या माणसाला कोण विचारतं, तुमच्याकडे घोडी आहे का म्हणून?

नवरा एसटीत ड्रायव्हर. सासऱ्यांचा धंदा वरातीच्या घोडीचा. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. मामाजी घोडीशी जेवढं बोलायचे तेवढं माणसांशी बोलत नसत, आणि बोललेच तर भांडायला. तोंड माझंही काही कमी नाही, पण नवी सून म्हणून काही वर्षं मी ते आवरून धरलं होतं. मग मामाजींचे गुडघे गेले. वरातीत चारचार तास घोडीचा लगाम धरून चालणं त्यांच्याच्यानं होईना. नवऱ्याला सुट्टी मिळेना. उरलं कोण? मी.

त्याच सुमाराला जुन्या घोडीच्या जागी ही पांढरी घोडी घरी आली. वयानं लहान, आणि भित्री किती, तर अंगणात चप्पल आपटली तरी चारही पाय हवेत. मामाजी म्हणाले, "हिले लग्नात नेऊन उभी करा, आपोआप शिकते." मी म्हटलं, हो, आणि नवरदेवाला नालीतून काढायला तुम्ही जा. मनात म्हटलं. मोठ्यानं काही म्हटलं नाही.

मग मी माझ्या पद्धतीनं सुरू केलं. रोज संध्याकाळी भिजवलेले हरभरे समोर ठेवायचे आणि ती खात असताना लांब उभं राहून स्टीलची थाळी वाजवायची. आधी हळू, मग जोरात, मग जवळ येऊन. थाळीची सवय झाली तेव्हा मोबाइलवर वरातीची गाणी लावून तो पाण्याच्या रिकाम्या गुंडात ठेवून दिला, म्हणजे आवाज घुमतो. शेजारच्या काकू भिंतीवरून डोकावून म्हणायच्या, "काय वं, येडी झाली काय तू?" झालेच होते. फटाक्याची लड पहिल्यांदा वाजली तेव्हा घोडीनं कान टवकारले, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा हरभऱ्यात तोंड घातलं. त्या दिवशी मी एकटीच तबेल्यात नाचले, खोटं कशाला बोलू.

पुढे मी तिच्यावर बसायलाही शिकले. सकाळी, गाव पूर्ण जागं व्हायच्या आत, साडीखाली नवऱ्याचा पायजमा घालून. पडले, उठले, पुन्हा पडले. नंतर सलवार शिवून घेतली आणि लाज सोडली. तिचा खरारा करायचा, खूर साफ करायचे, लीद काढायची, कडबा टाकायचा, हे सगळं माझ्याकडे आलं. लोक म्हणायचे, मामाजीची घोडी. मी ऐकून घ्यायचे. पण तबेल्याचं दार वाजलं की ती कोणाच्या पायांच्या आवाजाला खिंकाळते, हे मला माहीत होतं आणि तिला माहीत होतं.

आता त्या पोळ्याचं सांगते.

आमच्या गल्लीत पूर्वी घराघरात बैलजोड्या होत्या म्हणतात. आता ट्रॅक्टर आले. त्या वर्षी गल्लीत एकही जोडी उरली नव्हती. पण पोळा कोण सोडतं? पुरण शिजलंच घरोघरी. बायकांनी आरतीची ताटं तयार करून ठेवली. आणि ओवाळायचं कोणाला, तर कोणीच नाही.

आदल्या संध्याकाळी मी तबेल्यात गेले तर मामाजी घोडीच्या खांद्याला लोणी-हळद चोळून राहिलेले. बैलाचा खांदा जू ओढून दुखतो म्हणून पोळ्याच्या आदल्या दिवशी तो असा चोळतात आणि कानात आवतण देतात.

"मामाजी, हिनं कुठं जू ओढलं?"

"नवरदेव का कमी वजनाचे असतेत?" ते म्हणाले, आणि घोडीच्या कानात म्हणाले, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या."

मला हसू आलं. खरं सांगायचं तर आवडलंही.

दुसऱ्या दिवशी मी भज्यांच्या कढईपुढे घामाघूम होते. तेवढ्यात मामाजींनी घोडीला झूल घातली, कपाळाला गोंडे बांधले आणि दुखऱ्या गुडघ्यांनी तिला गल्लीत घेऊन निघाले. पोळा फुटल्यावर बैल दारोदार नेतात, घरची बाई पाय धुते, ओवाळते, पुरणपोळी खाऊ घालते, ही आमच्याकडची रीत. बैल नाहीत, तर घोडी. बायकांना तर देवच दारात आल्यासारखं झालं. प्रत्येकीनं पोळी दिली. कोणी तूप लावून, कोणी दोन एकत्र गुंडाळून, कोणी वर शिजवलेल्या ज्वारीचा ठोंबरा, कोणी वडे. प्रत्येकीला वाटलं, आपलीच काय ती एक पोळी. शेवटी घोडी आमच्या दारात आली आणि हात पुसत मी बाहेर येऊन ओवाळलं, आणि मीही दिली. सणाच्या दिवशी दारी आलेल्याला उपाशी पाठवतात का? मामाजींचा चेहरा इतका फुललेला की ते कुठून कुठून फिरून आले, हे विचारायचं मला सुचलंच नाही.

सकाळी तबेल्यात गेले तर ती खिंकाळली नाही. कडबा तसाच. पाणी तसंच. खाली बघितलं तर लीद नाही. रात्रभरात लेंडकंसुद्धा नाही. घोडी मान वळवून आपल्याच पोटाकडे बघत होती, पुढच्या पायानं जमीन उकरत होती, आणि मग एकदम खाली बसून लोळायला लागली. अंग घामानं ओलं. बैल रवंथ करतो, त्याचं पोट वेगळं. घोड्याला रवंथ नाही आणि ओकताही येत नाही. एकदा आत गेलं की एकाच वाटेनं बाहेर, आणि ती वाट बंद पडली की घोडं मरतं. माझ्या लग्नाआधी मामाजींची एक घोडी अशीच गेली होती, हे मी ऐकून होते.

मी दारव्ह्याला जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. सरळ बोलणारा तरुण माणूस. म्हणाले, "खाणं सगळं उचला. तिला हळूहळू चालवा, लोळू देऊ नका. आणि ताई, तोंडानं काहीही पाजू नका. मी निघालोच."

फोन ठेवून वळते तर मामाजी हिंग-ओवा घातलेल्या तेलाची बाटली घेऊन उभे.

"मामाजी, बाटली खाली ठेवा."

"बाजूले हो."

"नाही होत. पाजायचं नाही म्हणाले डॉक्टर. तेल फुप्फुसात गेलं तर संपलं."

"तुले काय समजते घोडीतलं? माह्या बापानं असंच तेल पाजून घोड्या वाचवल्या."

"आणि मेल्या किती?"

कधी नव्हे ते मी असं बोलले होते, आणि तेही गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. बाटली मामाजींनी भिंतीवर ठेवली आणि ओट्यावर जाऊन माझ्याकडे पाठ करून बसले. मला वाईट वाटायला वेळ नव्हता. मी घोडीला उठवलं आणि बाहेर काढलं.

गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आम्ही दोघी चालत होतो. ती थांबली की मी ओढायची, गुडघे मोडायला लागली की ओरडायची. प्रत्येक दारात कोणीतरी यायचं.

"काय झालं वं घोडीले?"

"तुम्ही काल काय दिलं?"

"मी तं एकच पोळी देल्ली."

पुढचं दार. "मी एकच." त्याच्या पुढचं दार. "मी पण एकच, तुपाची." शेजारच्या काकू तर रडायलाच लागल्या, "मले का माहीत वं बाई, मी कायले देल्ले ते वडे!" कोणाकोणावर चिडू? सगळ्यांनी मायेनंच दिलं होतं. तरी मी चिडले. "देवानं तिला एक पोट दिलंय, अन् तुम्ही साऱ्या जणी मिळून गोदाम समजल्या!" असं काहीबाही बोलत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

डॉक्टर आले. पोटाला स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकत राहिले, मग दुसऱ्या बाजूनं. म्हणाले, "आतडं जवळजवळ गप्प आहे." दुखणं कमी व्हायचं इंजेक्शन दिलं. नाकातून लांब नळी घातली, ती नीट पोटातच गेली का हे दोनदा तपासलं आणि मग बादलीतलं औषधी तेल त्या नळीतून आत सोडलं. मी घोडीचं डोकं धरून होते. तिचा गरम श्वास माझ्या गळ्याला लागत होता. तिनं लाथ मारली नाही, चावली नाही. नुसती माझ्याकडे बघत होती, आणि ते मला सहन होईना.

"वाचते का?" मी विचारलं.

"लीद पडली तर वाचली समजा. लगेच फोन करा. संध्याकाळपर्यंत नाही पडली तर..." ते नळी गुंडाळायला लागले. त्यांना दुसऱ्या गावी जायचं होतं. गेले.

मग जे सुरू झालं ते मी आयुष्यात विसरणार नाही. अख्खी गल्ली घोडीच्या शेपटीकडे बघत बसली. त्या दिवशी तान्हा पोळा होता, पोरंसोरं लाकडाचे बैल सजवून मिरवतात. त्यांची मिरवणूक मोठ्यांनी मागच्या रस्त्यानं वळवली. बायका धुणं-भांडी टाकून ओट्यांवर. मी थोडं चालवायची, थोडं थांबायची. शेपटी जराशी उचलली गेली की सगळ्यांचे श्वास थांबायचे. शेपटी खाली पडली की, "नाही वं." नवऱ्याचा कुठल्यातरी स्टँडवरून फोन आला, "काय झालं?" मी म्हटलं, "अजून नाही," आणि ठेवला. मामाजी ओट्यावरून हलले नाहीत. जेवले नाहीत.

दुपार कलल्यावर घोडी पादली. चांगली लांबलचक. एरवी अशा आवाजाला पदर तोंडाला लावणाऱ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. काकूंनी तर हात जोडले. मी तिच्या पोटाला कान लावला. आत कुठेतरी खोल गुडगुड झाली. पुन्हा झाली. एवढा गोड आवाज मी ऐकला नव्हता. मी तिला चालवत राहिले. गल्लीच्या टोकावरून परत वळलो, आमच्या दारासमोर आलो, आणि ती थांबली. मी दोर ओढला, तर हलेना. शेपटी वर गेली. आणि रस्त्यावर धपाधप लीद पडली, तेलानं चमकणारी, भरपूर, पडतच राहिली.

कोणीतरी किंचाळलं. मी खालीच बसले, त्या लिदेच्या बाजूला, चिखलात. फोन काढला, डॉक्टरांना लावला, त्यांनी उचलला, आणि माझ्या तोंडून शब्दच फुटेना. नुसतं रडू. आत दाबून ठेवलेलं सगळं एकदम वर आलं. मी हुंदके देऊन राहिलेली आणि पलीकडून डॉक्टर हळू आवाजात म्हणतायत, "गेली का हो ताई?"

तेवढ्यात कोणीतरी माझ्या हातातून फोन ओढून घेतला. मामाजी. ज्यांनी सुनेसमोर कधी सदऱ्याचं बटण उघडं ठेवलं नाही, ते भर गल्लीत फोन तोंडाशी धरून ओरडले, "हागली साहेब! हागली! ढीगभर हागली!"

गल्ली फुटली हसून. मी रडतारडता हसायला लागले, काकू माझ्या गळ्यात पडल्या, आणि घोडी आमच्याकडे असं बघत होती की या माणसांना झालं तरी काय. मामाजींच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसतही नव्हते.

डॉक्टर फोनवर अजून बोलत होते. मामाजींनी फोन कानाला लावून नीट ऐकलं. आज नुसतं पाणी. उद्या थोडं गवत. काही दिवस पायांकडे लक्ष ठेवायचं, असलं खाणं घोड्याच्या खुरांना बाधतं, खूर गरम लागले तर लगेच कळवायचं. "अन् साहेब म्हणतेत," मामाजींनी गल्लीला सांगितलं, "तिले कोणी काही खाऊ घालू नका." मग पुन्हा फोनमध्ये म्हणाले, "कोणाची हिंमत आहे साहेब? सून उभी आहे अठी. मलेच नाही पाजू देल्लं तिनं."

फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. "ऊठ," म्हणाले. "घोडी तुही आहे, तूच आत ने."