माझ्या मापाचं चिलखत

एकसष्टाव्या वर्षी मला अंतराळातल्या एका सेनापतीणबाईंचं चिलखत घालायचं होतं. हसा, हरकत नाही. आमची डोंबिवलीची सगळी बिल्डिंग हसून झालीय.

ही बाई एका परदेशी मालिकेतली. मुलगी मालिका बघायची आणि तिच्याशेजारी भाजी निवडता निवडता मीही बघायला लागले. गोष्ट मला अर्धीच कळायची. पण त्यातल्या बाकीच्या बायका काडीसारख्या, आणि ही एकटी माझ्यासारखी. केस पिकलेले, मान आखूड, पोट सुटलेलं. त्यावर ते राखाडी चिलखत असं बसलेलं की वाटावं, अंगावरच उगवलंय. मी चाळीस वर्षं बायकांचे ब्लाउज शिवलेत. कोणाच्या अंगावर काय बसलंय आणि काय नुसतं अडकवलंय, ते मला रस्त्याच्या पलीकडून कळतं. मी मुलीला म्हटलं, "मला हे पाहिजे."

"आई, हे विकत नाही मिळत. लोक स्वतः करतात. मातीत घडवायचं, त्याचा साचा काढायचा, मग फायबर."

"मग करू की."

तिच्या ओळखीचा असे पोशाख करणाऱ्यांचा एक ग्रुप होता. वर्षातून एकदा ठाण्याला, खोपटच्या बाजूला एका हॉलमध्ये ते जमायचे. स्टेजवर चालायला मिळायचं, पण दोन अटी होत्या. पडद्यावर दिसतं तस्संच हवं, आणि अंगावर नीट बसलेलं हवं. मला त्या स्टेजवरून एकदा चालायचं होतं. बस, एवढंच.

आमचे हे वागळे इस्टेटमधल्या एका फाउंड्रीत पॅटर्नमेकर होते. म्हणजे लोखंड ओतायच्या आधी त्या वस्तूचा लाकडी नमुना करायचा. निवृत्त झाल्यापासून बातम्यांशी भांडत बसायचे. माझा बेत ऐकून सगळ्यात जास्त हेच हसले. "अगं, दुसऱ्या मजल्यावर चढताना तीनदा थांबतेस, आणि अंतराळात कुठे निघालीस?" पण दुसऱ्या दिवशी बघते तर स्टुलावर चढून माळ्यावरची हत्यारांची पेटी काढतायत.

आधी माझ्या अंगाचा ठसा घ्यायचा होता. अंगभर व्हॅसलीन, वर प्लास्टिकचा कागद, त्यावर प्लास्टरच्या ओल्या पट्ट्या. मुलगी पट्ट्या लावत होती आणि मी न्हाणीघरात हात पसरून उभी. हे दाराबाहेरून ओरडत होते, "श्वास ओढून धरू नकोस हां, नाहीतर बारीक निघशील!"

"बारीक निघाले तर तुमचं काय जातंय?"

पट्ट्या सुकेपर्यंत घाम फुटला, पाय थरथरायला लागले, आणि बसायचं तर वाकताच येईना. शेवटी मुलीने कात्रीने पाठ उभी कापली आणि मला त्या कवचातून सोडवलं. ते परत जोडून आत रद्दी ठासली आणि एका खांबावर उभं केलं. माझं धड गॅलरीत उभं राहिलं. पहिल्यांदा मी स्वतःला पाठीकडून पाहिलं. खरं सांगू? वाईट नव्हतं.

कल्याणच्या एका गणपतीच्या कारखान्यातून शाडू आणली. मोबाइलवर बाईंचं चित्र थांबवायचं, बोटांनी मोठं करायचं आणि बघून बघून त्या ठशावर लिंपायचं. गळ्याची पट्टी, खांद्याची वाटी, बरगड्यांवर आडव्या पाच पट्ट्या. मोठे आकार माझे, बारीक काम ह्यांचं. माती सुकू नये म्हणून वर सतत ओलं फडकं. दोन महिने आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. हे डोळ्याला भिंग लावून पट्टीची कड ओढायचे आणि म्हणायचे, "बघ, कापल्यासारखी आलीय." इतके खूश मी त्यांना फाउंड्री सुटल्यापासून पाहिले नव्हते.

वागळेला ह्यांच्या जुन्या ओळखीतला एक फायबरवाला होता, त्याने साचा काढून दिला. साचा सोडवताना माती तुटली, फायबर काढताना साचाही तुटला, पण त्यातून एक नग निघाला, पुढचा आणि पाठचा असे दोन भाग. रंगवला तर हुबेहूब. मुलगी नुसती बघत राहिली.

कार्यक्रमाला आठ दिवस होते. मी घातलं. ह्यांनी बाजूचे पट्टे ओढले, आणखी ओढले, शेवटच्या भोकापर्यंत ओढले. मी आत हलत होते. खांद्याच्या वाट्या दंडावर उतरलेल्या, गळ्याची पट्टी हनुवटीला लागलेली. वळले तर मी वळले, चिलखत मागाहून वळलं.

"ठसा तर तुझाच होता," मुलगी म्हणाली.

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे खिडकीबाहेर बघत होते.

"अहो?"

"दोन सूत ठेवलं होतं," हे म्हणाले. "तू दुपारी झोपलीस तेव्हा ठशावर प्लास्टरचा थर दिला. ओतलेला माल आकसतो. शाडूही आकसते. नमुना थोडा मोठाच करायचा असतो."

पाव इंच. पण फायबर आकसत नाही, आणि माती आम्ही सुकूच दिली नव्हती. तेवढंच असतं तर आतून कापड लावून भागलं असतं. पण ह्यांच्या थराच्या आधी मीही एक थर दिला होता. ह्यांना न सांगता. जुनी चादर घडी करून ठशावर घट्ट गुंडाळून शिवली होती, अर्धा इंच जाडीची. ब्लाउज शिवताना मी आत कापड सोडल्याशिवाय कधी कात्री लावली नाही. बाई आज आहे तशी वर्षभराने नसते. हात आपोआप सोडतो. ह्यांना वाटलं, चादर हा ठशाचाच भाग, आणि वरचं प्लास्टर बघून मला वाटलं, चादर सरकू नये म्हणून मुलीने फासलंय.

सगळ्या बाजूंनी पाऊण इंच वाढलं की घेरात किती वाढतं, हे दुसऱ्या कोणाला नाही तरी मला कळायला हवं होतं.

"उसवता येत नाही ना हे," मी म्हटलं. कापड असतं तर तासाभरात आत घेतलं असतं.

"बाजूने कापू?" हे आरी घेऊन आले. पण पाच पट्ट्या बाजूपर्यंत जात होत्या, टोकाला प्रत्येकीला खिळा होता. कापलं तर खिळे जाणार. आणि खांदे कुठून कापणार? नवं करायला साचा नाही, माती नाही, दिवस नाहीत. ह्यांनी आरी खाली ठेवली आणि किती तरी वेळ पट्टीवरून अंगठा फिरवत बसले. मला बोलायचं होतं पुष्कळ, पण कोणाला बोलू? निम्मी चूक माझीच.

रविवारी तरी गेलो. आत फोम कोंबला होता. हॉलमध्ये तपासणीला एक मुलगी बसली होती, माझी नात शोभेल अशा वयाची. ती माझ्याभोवती फिरली, काखेतून हात घातला. तो कोपरापर्यंत आत गेला.

"आजी, कसलं भारी काम आहे हो! एवढं बारीक मी बघितलं नाहीये. पण..." तिचं तोंडच उतरलं. "बसत नाहीये ना. नियम आहे, मी काय करू?"

"तू काय करणार बाळा," मी म्हटलं. 

तेवढ्यात मागून एक बाई आली. कल्याणजवळच्या मोहन्याची, आपल्या पोराला कार्यक्रम दाखवायला घेऊन आलेली, चांगली उंच नि रुंद. म्हणाली, "काकू, एकदा घालून बघू?" मी नाही म्हणायच्या आत हे पट्टे सोडायला लागले होते.

आतला फोम काढल्यावर तिला ते बसलं. अगदी खांद्यावर खांदा, कमरेवर कंबर. पट्टे दुसऱ्या भोकात लागले. तपासणीवाल्या मुलीने काखेत बोट घातलं, ते जाईना. ती माझ्याकडे बघायला लागली. सगळेच बघायला लागले.

"तू म्हणशील तसं," हे हळूच म्हणाले. "नको म्हणालीस तर घरी नेऊ. पण... चालताना दिसेल तरी."

दोन महिने ज्या माणसाने भिंग लावून पट्ट्या ओढल्या, त्याला काय सांगू? मी मान हलवली.

ती बाई स्टेजवर चढली. सावकाश, हनुवटी वर, पडद्यावरच्या बाईंसारखी. तिला मालिका माहीतही नव्हती. लोकांनी शिट्ट्या मारल्या. हे उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत होते, "बाजूच्या पट्ट्या बघा, बाजूच्या." मी तिची पर्स आणि ओढणी मांडीवर घेऊन खुर्चीवर बसले होते, अंगावर नुसता आतला काळा सुती अंगरखा.

खाली उतरून ती धापा टाकत माझ्यापुढे उभी राहिली. पट्टे कुठे सुटतात ते मलाच ठाऊक होतं. मी हात लावला तशी म्हणाली, "काकू, एक मिनिट. माझ्या पोराबरोबर एक फोटो काढू?"

मी हात मागे घेतला. तिचा एक खांदा जरासा तिरका झाला होता, तो सरळ केला.

"काढ," म्हटलं.