बिरप्पाचा आडोसा

सोलापुरात लग्न, कीर्तन, पुढाऱ्याची सभा असं काहीही मोकळ्या मैदानात व्हायचं ठरलं, की मांडववाला कोण, कर्णा कुणाचा, आचारी कुठला याची चर्चा महिनाभर चाले. बिरप्पाचं नाव मात्र अगदी शेवटी निघे, तेही दबक्या आवाजात. एवढी माणसं जेवायला बोलावली, त्यांना पोटंही आहेत, हे यजमानांना नेहमी उशिराच सुचतं. मग बिरप्पाचा हातगाडा येई. त्यावर बांबू, तरटाचे पडदे, मधे भोक पाडलेल्या जाड फळ्या, चुन्याचं पोतं आणि फावडं. मैदानाच्या टोकाला तो खड्डे खणी, वर फळ्या टाकी, भोवती तरट बांधी. कार्य उरकलं की खड्डे बुजवून सगळं सामान परत गाड्यावर. मोठी बांधकामं निघाली की तिथंही त्याचे आडोसे भाड्यानं जात. गरज सगळ्यांना आणि ओळख कुणालाच नको, असला हा धंदा.

तो मूळचा सांगोल्याकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. धंदा काही त्यानं हौसेनं धरला नव्हता. बहात्तरच्या दुष्काळात मेंढरं गेली. तो, थोरली बहीण मायाक्का आणि तिची अकरा वर्षांची लेक हेमावती खडी फोडायच्या कामावर आली. मायाक्काचा नवरा तेव्हा सोलापुरात मागावर विणकामाला होता. माळ असा उघडा, की झुडपांच्या काटक्यासुद्धा लोकांनी चुलीला नेलेल्या. बायका उजाडायच्या आत जाऊन येत आणि मग अंधार पडेपर्यंत कळ काढत. भर उन्हात तहान मारत, पण पाणी पीत नसत. त्यात मायाक्काला जुलाब लागले. एका दुपारी ती खडीच्या ढिगाआड पोट धरून रडताना बिरप्पाला दिसली. त्यानं खड्डा खणला, चार काठ्या रोवल्या, स्वतःच्या अंथरुणाचं तरट भोवती गुंडाळलं आणि म्हणाला, "जा आक्का. मी हाय हितं."

तो पाठ करून राखण करत उभा राहिला. थोड्या वेळानं आतून आवाज आला, "बिरा, हाईस न्हवं?"

"हाय."

दुसऱ्या दिवशी त्या तरटापुढं बायकांची रांग लागली. मुकादमानं बिरप्पाच्या हातातला हातोडा काढून घेतला आणि त्याला याच कामाला लावलं. दुष्काळ सरेपर्यंत मायाक्का आत गेली की एकदा तरी विचारायचीच, आणि तो पाठ न वळवता उत्तर द्यायचा. पाऊसपाणी झालं, काम बंद पडलं, तेव्हा त्याच्याकडं हाच धंदा उरला होता.

मायाक्काचं नशीब मात्र उघडलं. नवऱ्यानं, सिद्धनाथनं, अक्कलकोट रोडला स्वतःचे माग टाकले. टॉवेल निघू लागले आणि घरात खुर्च्या आल्या. खुर्च्या आल्या की त्यांवर कुणी बसायचं आणि कुणी नाही, हेही आपोआप ठरतं. बिरप्पाला ओट्यावरच पाणी मिळू लागलं. त्याच्या धंद्यापायी त्याला मुलगीही कुणी दिली नाही. खोलीत तो, स्टोव्ह आणि चुन्याचा वास. जीव लावायला एक भाचीच होती. तिच्या लग्नात मामा म्हणून तिला मांडवात आणायचं, मंगलाष्टकं होईपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायचं, एवढंच त्यानं आयुष्याकडं मागितलं होतं.

एकोणऐंशीच्या वैशाखात तिचं लग्न ठरल्याचं त्याला बाहेरून कळलं. मामानं नवरीला द्यायचं असतं ते पिवळं पातळ त्यानं घेतलं, दाढी केली, साबणानं दोनदा हात धुतले आणि बहिणीच्या घरी गेला. सिद्धनाथ दारातच आडवा आला.

"दाजी, बोलवनं न्हाय आलं," बिरप्पा म्हणाला.

"पावनं मोठ्या घरचं हायती. मामा काय करतू म्हनून इचारलं तर मी काय सांगू? मायाक्काचा चुलतभाऊ हाय की, त्यो हुबा ऱ्हाईल."

मायाक्का आतल्या चौकटीला धरून उभी होती. तिनं मान वर केली नाही. आमच्यासारख्यानं दारात तमाशा केला असता. बिरप्पा पातळाची पिशवी काखेत घेऊन परत आला.

पुढं गंमत अशी झाली, की या नात्याचा पत्ता नसलेला मांडववाला त्याच्याकडं आला. "शिद्दनाथशेटच्या पोरीचं लगीन हाय. बायाबापड्यांसाटनं आडोसं लागत्यात. जमंल न्हवं?"

"जमंल," बिरप्पा म्हणाला.

नाही म्हणता आलं असतं. पण हेमावतीच्या लग्नाच्या इतक्या जवळ जाण्याचा दुसरा रस्ता त्याला नव्हता. त्यानं नवं कोरं तरट बांधलं, चुना जरा जास्तच टाकला, वाटेवर पाणी शिंपडलं. पातळाची पिशवी बरोबर का घेतली ते त्याचं त्यालाच माहीत. ती त्यानं बांबूला अडकवली.

मुहूर्त गोरज होता. कर्ण्यावरून भटजींचा आवाज आला, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं."

बिरप्पा पाण्याचं पिंप भरत होता. त्यानं बादली खाली ठेवली, धोतराला हात पुसले आणि तो चालूही लागला. मग भानावर येऊन थांबला. नवा फेटा बांधलेला माणूस हेमावतीला दंडाला धरून आणताना त्याला लांबून दिसला. मंगलाष्टकं सुरू झाली. इतक्या लांब अक्षता वाटायला कोण येणार? त्याला रडू आलं आणि तो रडला. कर्णा एवढा मोठ्यानं चालला होता, की ते कुणाला ऐकू जायची भीती नव्हती.

पंगती सुरू झाल्यावर आडोशांकडची वर्दळ ओसरली. तेव्हा मायाक्का एकटीच आली. अंगावर जरीचं लुगडं, हातात तांब्या. त्याच्याकडं न बघता ती आत गेली. बिरप्पानं सवयीनं पाठ केली.

आतून हलका आवाज आला, "बिरा, हाईस न्हवं?"

"हाय," तो म्हणाला.

ती बाहेर आली. त्यानं वरून पाणी घातलं, तिनं हात धुतले. बांबूवरच्या पिशवीतून पातळाचा पिवळा काठ बाहेर आला होता. मायाक्का त्या काठाकडं बघत राहिली. मग तिनं मांडवाकडं एकदा वळून पाहिलं आणि तो काठ बोटांनी पिशवीत सारला.

"जेवून घे," ती म्हणाली आणि डोक्यावरचा पदर सारखा करत माणसांत निघून गेली.

आडोशात आता कुणी नव्हतं. तरी बिरप्पा त्याच्याकडं पाठ करून बराच वेळ तसाच उभा राहिला.