डाव्या हातांची शाळा

मोठ्या बाई भित्र्या आहेत, हे शाळेत पहिलीच्या पोरांनासुद्धा ठाऊक होतं. पाल, वीज, फोनची घंटी, ओली फरशी, पालकसभा आणि "जरा बोलायचं होतं" म्हणत दारात उभा राहणारा कुणीही माणूस, या सगळ्यांना त्या सारख्याच इमानदारीनं भीत. वर्गात मात्र ही भीती कुठे जाई कोण जाणे. भूगोल शिकवायला लागल्या की पोरांना थेट ज्वालामुखीच्या तोंडाशी नेऊन आत डोकवायला लावत. तास संपला की त्याच बाई जिन्याचा कठडा दोन्ही हातांनी धरून खाली उतरत.

अशा बाई मुख्याध्यापिका झाल्या त्या कर्तबगारीमुळे नव्हे, पाठमोऱ्या उभ्या होत्या म्हणून. जुने हेडसर निवृत्त झाले तेव्हा संस्थेचे अध्यक्ष शिक्षकांच्या खोलीत येऊन म्हणाले, "बोला, कोण सांभाळणार?" एकाला आपला रक्तदाब आठवला. एकीला सुनेचं बाळंतपण आठवलं. गणिताच्या सरांना तर एकदम दोन्ही गुडघे आठवले. बाई तेवढ्या खिडकीशी उभ्या राहून नकाशा गुंडाळत होत्या. वळून बघतात तो सगळे त्यांच्याकडे बघून टाळ्या वाजवत होते.

हेडसर ताडमाड होते आणि खुर्ची त्यांच्या मापाची. बाईंचे पाय जमिनीला टेकेनात. पालक आले की त्या टेबलाखाली कचऱ्याची बादली पालथी घालून तिच्यावर पाय ठेवत आणि मग कुठे चेहऱ्यावर थोडा अधिकार येई.

जेमतेम बूड टेकलं होतं, तोच एका सोमवारी अध्यक्षांचा फोन आला.

"बाई, मला अहवाल वगैरे नको. गुरुवारी येतो, एखादा वर्ग बघतो आणि तुम्हाला एकच विचारतो. ही शाळा तुम्ही कुठे घेऊन निघालात? उत्तर असेल तर पुढचं बोलू. नसेल, तर पाचवीपासूनचे वर्ग उचलून हमरस्त्यापलीकडच्या मोठ्या शाळेत टाकू. उगीच दोन-दोन इमारती कशाला झाडायच्या?"

बाई "हो" म्हणाल्या. फोन ठेवल्यावरही आणखी दोनदा "हो" म्हणाल्या. मोठी शाळा त्यांनी पाहिली होती. एकेका वर्गात बाकांवर कोंबलेली पोरं आणि दारापासून फळ्यापर्यंत जायला वाट नाही. शिवाय तो हमरस्ता, दिवसभर मालट्रक धडधडत जाणारा. आपली बुटकी पाचवी तो रस्ता ओलांडते आहे, हे चित्र एकदा डोळ्यांपुढे आलं ते काही केल्या हलेना.

संध्याकाळी त्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून उत्तर रचायला लागल्या. नवरा बस आगारात गाड्यांच्या वेळा लावायचा. माणूस शांत, पण जीभ तिखट.

"ऐका हं," बाई म्हणाल्या. "विद्यार्थ्यांचा सर्वांगीण विकास साधून उज्ज्वल भविष्याकडे वाटचाल."

"छान आहे. कुणाचं आहे?"

"माझं! म्हणजे तीन शाळांच्या फलकांवर वाचलंय. पण मी शब्द पुढेमागे केलेत."

"अगं, माझ्या बसच्या कपाळावर मी 'उज्ज्वल भविष्य' अशी पाटी लावली तर एक प्रवासी चढेल का? लोक विचारतात, बाजारात जाते का, दवाखान्यापाशी थांबते का. तुझी गाडी कुठे थांबते?"

"अहो, तेच तर मला माहीत नाही!" बाईंचा आवाज चिरकला. "गुरुवारी मी तोंड उघडीन आणि आतून काहीच निघणार नाही. पोरं त्या रस्त्यावर जातील. माझ्यामुळे."

नवऱ्यानं पुढचा विनोद गिळला आणि चहाचं आधण ठेवलं. बाईंचे हात गार पडले की तो एवढंच करू शकत असे.

दुसऱ्या दिवशी बाई उत्तर शोधायला वर्गावर्गांतून हिंडल्या. कुठे बाक मोडका दिसला, कुठे पंखा बंद दिसला, ध्येय काही दिसलं नाही. शेवटी त्या सहावीच्या दाराशी आल्या. आत गणिताचे सर, म्हणजे पोरांचे त्रिकोण सर, गुरुवारची तालीम घेत होते. नाक, खांदे आणि स्वभाव, तिन्ही टोकदार असल्यामुळे हे नाव त्यांना चिकटलेलं.

सरांनी प्रश्न टाकला आणि सगळ्या वर्गाचे हात एकदम वर गेले. बाहेरच्या माणसाला वाटावं, काय हुशार वर्ग आहे! पण आतली गोम शाळेत सगळ्यांना माहीत होती. उत्तर येत असेल त्यानं उजवा हात वर करायचा, येत नसेल त्यानं डावा. सरांनी फक्त उजव्यांनाच उठवायचं. जुन्या हेडसरांनी तपासणीसाठी काढलेली ही युक्ती. बाईंनीही ती भूगोलाच्या तासाला इतकी वर्षं बिनबोभाट वापरली होती. तपासणी म्हटली की त्यांची पाचावर धारण बसे, आणि या युक्तीनं दर वेळी तारलं होतं.

आज त्या पहिल्यांदाच मागच्या दाराशी, पोरांच्या पाठीशी उभ्या होत्या. तिथून दिसले ते नुसते हात. आणि निम्म्याहून जास्त डावे.

भिंतीकडेला दोन वेण्यांची एक मुलगी होती. तालीम संपली, सर फळा पुसायला वळले, बाकी हात खाली आले, तरी तिचा डावा हात तसाच वर. कोपर दुसऱ्या हातावर टेकवून ती खिडकीबाहेर बघत होती. सवयच झालेली. हात डावा असला की आपल्याला कुणी विचारत नाही, उठवत नाही, हसत नाही. बाईंना आठवलं, चौथीत त्यांच्याच वर्गात ही पोर अशीच बसायची. आणि त्यांनी तिला वर्षभरात एकदाही उठवलं नव्हतं.

भिणारं माणूस कसं बसतं, हे बाईंइतकं कुणाला ठाऊक असणार? निम्मी शाळा हात वर करून लपून बसली होती, आणि लपायची जागा शाळेनंच करून दिली होती.

मधल्या सुट्टीत त्यांनी सरांना गाठलं. "सर, गुरुवारी आपण डाव्यांना विचारू या."

सरांच्या हातातला डबा कलंडला. "बाई, बरं वाटत नाहीये का तुम्हाला?"

"मला कधीच बरं वाटत नाही. पण विचारू या."

"अहो, पोरं गप्प बसतील! अध्यक्षांच्या देखत! शाळेला कुलूप लावायचंय का? दुसऱ्या कुणाच्या तरी हाताने लागू दे, तुमच्या कशाला?"

सरांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं, आणि म्हणूनच बाई आणखी घाबरल्या.

गुरुवारी अध्यक्ष आले आणि सहावीच्या मागच्या बाकावर बसले. सरांनी अपूर्णांकांची बेरीज काढली. हातांचं रान माजलं. सर उजवे हात वेचत गेले, उत्तरं टपाटप पडत गेली. अध्यक्षांनी खूश होऊन मान डोलावली.

"वा! आता बोला बाई. कुठे निघालीय शाळा?"

सर्वांगीण विकास बाईंच्या जिभेच्या टोकावर अगदी आंघोळ करून तयार उभा होता. तो म्हटला असता तर शाळा वाचली असती. सर डोळ्यांनी विनवत होते, म्हणा, म्हणा. बाईंनी भिंतीकडे पाहिलं. दोन वेण्या, डावा हात वर, नजर खिडकीबाहेर.

"सर, जरा थांबा," त्या म्हणाल्या. त्यांनी टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली. "साहेब, आमच्याकडे डावा हात म्हणजे येत नाही. सगळे हात बघून तुम्ही खूश झालात, पण त्यातले निम्मे डावे आहेत. मला ही शाळा तिथे न्यायचीय, जिथे डाव्या हाताला आधी विचारतात."

सरांनी डोळे मिटून घेतले. पोरांचे हात भराभर खाली आले, जणू कुणी चोरी पकडली. अध्यक्षांच्या चेहऱ्यावरचं हसू विरलं.

"बाळ," बाई त्या मुलीला म्हणाल्या, "तुला काय कळत नाही?"

मुलीचा चेहरा पांढराफटक पडला. बाईंना वाटलं, संपलं. पोरीलाही भीतीत ढकललं आणि शाळाही घालवली. आता हिला "बस खाली" म्हणावं आणि आपणही कुठेतरी खाली बसावं.

"बाई," मुलगी फळ्याकडे बघत पुटपुटली, "वरचे आकडे मिळवतात, मग खालचे का नाही मिळवायचे?"

बाईंनी सरांकडे पाहिलं. सरांनी डोळे उघडले आणि सवयीनं म्हणाले, "नियम आहे." मग स्वतःच फळ्यावरचे खालचे आकडे निरखायला लागले.

अध्यक्ष उठले. दारात थांबून रुक्षपणे म्हणाले, "आजवर मला फसवत आलात, हे तुम्ही तोंडावर सांगितलंत. माझं डोकं फिरलंय, ते शांत व्हायला वेळ लागेल. एक वर्ष देतो. पुढच्या वर्षी येईन, आणि फक्त डावे हात उठवीन. मीच उठवीन. उत्तरं आली नाहीत तर वर्ग हलले म्हणून समजा."

बाई "हो" म्हणाल्या. या वेळी एकदाच.

घरी त्यांना जेवण गेलं नाही. "अगं, वर्ष मिळालं ना?" नवरा म्हणाला. "तेच तर!" त्या म्हणाल्या. "कालपर्यंत कुठे जायचं ते माहीत नव्हतं. आता माहीत आहे, आणि निम्मी शाळा अजून फाटकातच आहे हो! कशी पोचणार?"

सकाळी त्या ऑफिसात शिरल्या तर दाराशी त्रिकोण सर उभे. कालपासून ते बाईंना टाळत होते. बाईंना वाटलं, आता हे राजीनामाच देणार.

"जरा बोलायचं होतं," सर म्हणाले.

बाईंनी दाराची चौकट धरली.

"ते खालचे आकडे," सर खाली बघत म्हणाले. "का मिळवायचे नाहीत ते मला येतं हो. पण शब्दांत सांगता येत नाहीये. घरी बायकोला सांगून बघितलं, ती उठून कपडे वाळत घालायला गेली. आज पुन्हा तीच पोर विचारणार. आणि तिच्यामागे आणखी चौघं, मी ओळखतो त्यांना. मला वर्गात जायची भीती वाटतेय, बाई."

बाईंनी टेबलावरून कागद आणि कात्री उचलली.

"चला," त्या म्हणाल्या, "कागदाचे तुकडे करून बघू. मी येते बरोबर. पण जिन्यावर जरा हळू चाला, फरशी ओली आहे."