चामड्याचे तीस वॉशर

“तीसच्या तीस रिजेक्ट,” मी म्हटलं आणि लाल शिक्का उचलला.

टेबलापलीकडे शांतवनकाका उभे होते. वय सत्तरीला टेकलेलं, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट. उभा जन्म चपला शिवण्यात गेलेला. बायबल ठेवायच्या कापडी पिशवीतून त्यांनी हे वॉशर आणले होते.

मी तेव्हा शिरोलीच्या एका फौंड्रीत क्वालिटी बघायचे. आमच्याकडे हातपंपाचे भाग तयार व्हायचे. पाठीमागे सगळे मला ‘रिजेक्टबाई’ म्हणायचे, आणि खरं सांगते, मला त्याचा गर्व होता.

प्रकरण असं होतं. काकांच्या चर्चमधली एक मुलगी आफ्रिकेत, मलावीत, मिशनच्या दवाखान्यात नर्स आहे. तिथल्या गावचा हातपंप बंद पडला होता. पंप आपल्याकडच्यासारखाच. जमिनीखाली नळीत एक दट्ट्या वरखाली होतो, त्याला वाटीच्या आकाराचा वॉशर असतो. तो झिजला की दांडा कितीही हलवा, पाणी वर येत नाही. तिथल्या बाजारातले रबरी वॉशर नकली निघाले, महिन्याभरात फाटले. बायका नदीचं गढूळ पाणी भरत होत्या आणि लेकरं हगवणीनं दवाखान्यात येत होती. तिनं चर्चला कळवलं. काकांनी हातातली चपलांची कामं बाजूला ठेवली आणि वॉशर करायला घेतले. तेही चामड्याचे! दवाखान्यानं सांगितलं, टेस्ट रिपोर्ट असेल तरच बसवू. वॉशर बदलायला दरवेळी सगळे पाइप उपसणं त्यांना झेपत नव्हतं. चर्चचे पाळकसाहेब आमच्या मालकांना भेटले आणि मालकांनी ते काम माझ्या गळ्यात मारलं.

“वॉशर नळीत ढिला बसतोय, काका. बाजूनं पाणी गळणार.”

काकांनी एक वॉशर अंगठ्यानं दाबून बघितला.

“बाई, कोरडं मोजलासा व्हय?”

“मग कसं मोजायचं?”

“पंपात कोरडं असतंय काय?”

मालक केबिनच्या दारात उभे होते. ते मोठ्यानं हसले. बावीस वर्षं मी लोखंड आणि रबर मोजलं. चामडं पाण्यात फुगतं, हे काय मला माहीत नव्हतं? पण हातात मापाचं गेज आलं की माणूस गेजपुरतंच बघतो. शिक्का मी गुपचूप खणात टाकला.

वॉशर बादलीत भिजत घातले. दुसऱ्या दिवशी गेज लावलं. अठ्ठावीस चपखल बसले. दोन घट्ट होते, ते काकांनीच बाजूला काढले.

मग चपखल बसलेल्यांतले दोन टेस्ट रिगवर चढवले. रिग म्हणजे खाली पाण्याची टाकी आणि वर मोटर. माणसाच्या जागी मोटर पंपाचा दांडा हलवत राहते. आम्ही ती नऊ दिवस चालवली. काका रोज एसटीनं यायचे, रिगपाशी खुर्ची टाकून बसायचे.

एकदा मी चहा देताना विचारलं, “काका, चामड्याचंच का?”

“माझ्या बापानं केलतं.” ते रिगकडेच बघत होते. “मी धा वर्सांचा हुतो. गावच्या हिरीवर आमास्नी चढू द्यायचे न्हाईत. कुणीतरी वरनं पाणी ओतंल तवा घागर भरायची. मग मिशननं आमच्या वस्तीत पंप बसवला. परदेशातल्या कुणीतरी धाडलेला. आयनं पयल्यांदा सोताच्या हातानं पाणी काढलं आणि तितंच बसून रडली बघा.”

त्यांनी चहाचा एक घोट घेतला.

“दोन वर्सांनी वॉशर गेला. धाडणारे लांब. पंप ऱ्हायला तसाच हुबा. मग बापानं चपलंचं कातडं कापलं, भिजवलं, लाकडात दाबलं, मेणात घातलं. पाणी आलं की! देवानं आमास्नी पाजलंय, म्हणून पाजायचं.”

दहाव्या दिवशी पंपाची नळी उघडली. मी फाटलेल्या कडा बघायच्या तयारीनं गेले होते. वॉशर अखंड होते. कडेला घासून नुसती तकाकी आली होती. मोजले, तर झीज आमच्या मर्यादेच्या कितीतरी आत. मी ते चामडं हातात घेऊन उलटंपालटं करून बघितलं. इतका सुंदर नग माझ्या टेबलावर कधी आला नव्हता. ज्या हातांना विहिरीला शिवू दिलं नव्हतं, त्या हातांनी तो केला होता.

मी रिपोर्टवर सही केली. काका मात्र हलेनात. त्यांनी पिशवीतून वॉशर दाबायचा लाकडी साचा काढला.

“बाई, ह्यो साचाबी धाडायचा. वॉशर कितीदा धाडणार? त्यांच्याकडं गुरं हायत, म्हंजे कातडं हाय. हात शिकला की मिटलं.”

मालकांनी त्या लाकडी साच्याबरहुकूम लोखंडी साचा ओतून दिला. चर्चमध्ये काकांचा व्हिडिओ काढला. कातडं भिजवण्यापासून मेणापर्यंत सगळं त्यांनी हातानं करून दाखवलं. ती नर्स तिथल्या लोकांना ते त्यांच्या भाषेत सांगणार होती.

हे सगळं मलावीला गेलं आणि पंप सुरू झाल्याचं लवकरच कळलं. वर्षभरानं नर्स सुट्टीवर आली आणि काका तिला घेऊन फौंड्रीत आले. पिशवीतून एकच वॉशर निघाला. रंगानं फिका, तिथल्याच कातड्याचा, तिथंच केलेला.

“फुकट पास करू नगासा,” काकांनी बजावलं.

मी आधी बादली मागवली. काका मिशीत हसले. दुसऱ्या दिवशी गेज लावलं. वॉशर पास.

रिपोर्ट भरताना ‘करणाऱ्याचं नाव’ या रकान्याशी मी अडले. नर्स म्हणाली, आता तिघं-चौघं करतात, हा कुणाचा ते माहीत नाही.

“ऱ्हाऊ दे की मोकळं,” काका म्हणाले. “आमचा पंप धाडणाऱ्याचं नाव तरी आमास्नी कुटं ठावं हुतं?”

मी रकाना मोकळा सोडला आणि खाली सही केली. निवृत्त होण्याआधी आमच्या इन्स्पेक्शन शीटवर मी एक ओळ वाढवून आले: चामडं असेल तर आधी भिजवा, मग मोजा.