नानांचा हिसका

नाना चहा उभ्यानं प्यायचे. बसून प्यायला वेळ जातो, असं त्यांचं म्हणणं. आमच्याकडे आले तरी त्यांचा एक पाय उंबऱ्याबाहेर असायचा. एसटीत कंडक्टर म्हणून सारी नोकरी त्यांनी दोंडाईचा डेपोत काढली, आणि माणसाचा दुसरा पाय पायरीवर टेकायच्या आत ते डबल बेल देतात अशी त्यांची ख्याती होती. समोरचा बोलत असला की त्याचं वाक्य हेच पुरं करत, आणि बहुतेक वेळा चुकीचं. गेल्या हिवाळ्यात ते गेले, तेही अँब्युलन्सची वाट न पाहता.

मी मूळचा असोद्याचा. शाळेतल्या नोकरीमुळे दोंडाईच्याला आलो आणि नानांच्या शेजारी राहिलो. हा माणूस उन्हाळाभर तापीवर गळ टाकतो हे कळलं तेव्हा मला ते खरं वाटेना. मे महिन्याच्या सुट्टीत एका पहाटे ते दारात येऊन उभे राहिले.

"मास्तर, चला. टाईम व्हई ग्या."

कसला टाईम हे मी विचारेपर्यंत ते माझ्या मोटारसायकलच्या मागच्या सीटवर बसले होते.

बॅरेज झाल्यापासून तापीचं पाणी आमच्या बाजूला उन्हाळाभर साचून असतं. काठच्या बाभळी त्यात बुडाल्या, वर जलपर्णी पसरली, आणि त्या सावलीत मरळ मासळी राहायला आली. नाना गांडूळ किंवा कणकेचा गोळा लावत नसत, कारण तो लावला की बसून राहावं लागतं. ते नकली चारा फेकायचे, ओढायचे, पुन्हा फेकायचे. त्यांच्या खिशात दोनच वस्तू असत. एक चकाकता पत्र्याचा चमचा, आणि एक काळा बेडूक. बेडूक हवाई चपलेच्या रबरातून कापलेला, पोटात गळ, त्याचे पाय एसटीच्या घंटीच्या जुन्या दोरीचे. पाणी निवळ असेल तिथे चमचा, आणि हिरवं, गवताळ असेल तिथे बेडूक, कारण चमचा गवतात अडकतो आणि बेडूक वरून सरकत जातो.

"उन्हायामा मरळले भूक नही ऱ्हास, राग ऱ्हास," ते सांगायचे. "डोकावर बेडूक नाचना का तिले सहन व्हत नही."

मरळ पाण्यातली असली तरी हवा घ्यायला तिला वर यावंच लागतं. जलपर्णीच्या फटीत गोल उमटला की नाना त्याच्या पलीकडे बेडूक टाकत आणि तिच्या घरावरून हळूहळू ओढत आणत. सकाळी जरा भरभर, ऊन चढलं की रमतगमत. कधी मरळ मागोमाग काठापर्यंत यायची, बेडकाकडे बघायची आणि आल्या वाटेनं परत जायची. अशा वेळी नाना तिला, गाडी भरलेली असताना हात दाखवणाऱ्या प्रवाशाला ऐकवावं तसं दोन शब्द ऐकवायचे.

सगळं गाडं अडायचं ते शेवटच्या क्षणाला. मरळ बेडकावर तुटून पडते तेव्हा मोठा आवाज होतो, पाणी उडतं, आणि तरीही माणसानं थांबायचं असतं. तिला बेडूक तोंडात नीट घेऊ द्यायचा, तिचं ओझं काठीला जाणवू द्यायचं, मगच हिसका मारायचा. हे मला नानांनीच शिकवलं. पहिल्याच उन्हाळ्यात मी दोन मरळी काढल्या, त्याही शौर्यानं नव्हे, आवाजानं दचकून जागच्या जागी थिजल्यामुळे.

"तुम्ही असोद्यावाला थंडा शेतस, म्हनीसन जमनं," नाना म्हणाले.

त्यांना स्वतःला ते कधी जमलं नाही. चमच्यावर त्यांना लहानसहान मासा मिळायचा, तिथे घाई चालते. पण पाणी उडालं की त्यांचा उजवा हात वर गेलेला असायचा, आणि बेडूक मरळीच्या तोंडातून निसटून आमच्या मागच्या बाभळीत. जुन्या घाटाजवळच्या बुडालेल्या बाभळीखाली एक मोठी मरळ होती. ती चमच्याकडे ढुंकूनही बघत नसे, बेडकावर मात्र यायची. नानांना तीच हवी होती. दर उन्हाळ्यात ती त्यांच्या हिसक्यामुळे सुटायची, आणि ते काठावर हात चोळत उभे राहायचे.

"मनले समजस, मास्तर. हातले समजत नही."

एका थंडीत नानांना लकव्याचा झटका आला. धुळ्याच्या दवाखान्यातून घरी आले ते बोलत, चालत आले, पण उजवा हात लोंबत होता. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला होता. तो खाटेखाली पडलेला असायचा. नाना बसून चहा प्यायला लागले. त्यांच्या पत्नीनं, काकूंनी, मला एकदा बाजूला घेऊन सांगितलं, "भाऊ, यास्ना असा धीमेपणा माले देखवत नही." मलाही तो बघवत नव्हता.

मे उजाडला तसा मीच त्यांना घाटावर घेऊन गेलो. बेडूक मी टाकला आणि काठी त्यांच्या उजव्या हातात दिली; धरण्याइतकी पकड त्यात उरली होती. रीळ ते डाव्या हातानं फिरवत होते. बाभळीजवळ पाणी उसळलं. नानांचा चेहरा, खांदा, सगळं पुढे धावलं. हात मात्र मागाहून, जड जड वर आला. तोवर मरळीनं बेडूक पुरता तोंडात घेतला होता. काठी वाकली. दोघांनी मिळून तिला काठाला आणलं. काळीभोर पाठ, बेडूक जबड्याच्या कोपऱ्यात घट्ट रुतलेला. इतकी मोठी मरळ मी पुन्हा पाहिली नाही.

नानांनी तिला हातही लावला नाही. ती आपली मानायला ते तयार नव्हते.

"हाई मनी नही शे. हात मरेल शे, म्हनीसन फसनी ती. सोडी द्या तिले."

मी गळ काढला आणि तिला सोडून दिलं. येताना सबंध रस्ता, त्यांना आणलं हे चुकलंच असं मला वाटत राहिलं.

पण दुसऱ्या दिवशी चेंडू खाटेखालून वर आला. पावसाळा, हिवाळा, तो त्यांच्या मुठीत होता. दारात बसून दाबायचे, भाजी आणायला जाताना दाबायचे. हळूहळू माझी वाक्यं पुन्हा तेच पुरी करू लागले.

पुढच्या मे महिन्यात आम्ही त्याच घाटावर गेलो. या वेळी बेडूक त्यांनी स्वतः टाकला, दोनदा गवतात, तिसऱ्यांदा बरोबर बाभळीपलीकडे. ओढत आणला. पाणी उसळलं, आणि त्याच क्षणी बेडूक सणसणत येऊन माझ्या टोपीवर आदळला. बाभळीखाली मोठं वर्तुळ उमटलं आणि विरत गेलं. मी खाली बघत नानांच्या शिव्यांची वाट पाहिली. त्या येईनात. मान वर केली तर नाना पाण्याकडे बघतच नव्हते. उजवा हात अजून डोक्याच्या वर होता, आणि त्याच्याकडे बघून ते हसत होते.

"मास्तर, दखं का? हात उना मना." हात खरंच परत आला होता.

घरी पोचलो तर काकू दारात होत्या. "काय सापडनं?" त्यांनी विचारलं.

"काहीच नही," नाना म्हणाले. "ती उनी, आनि मी हिसका मारीसन सोडी दिधी."

काकूंनी त्यांच्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आत जाऊन त्यांनी रवा भाजायला घेतला. मासा सुटला म्हणून केलेला शिरा मी आयुष्यात तेवढाच खाल्ला. नानांनी तो उभ्यानं खाल्ला.