मागून येणारा दिवा

इथले अनुभव मी बरेच दिवस वाचते आहे, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसण्यासाठीच. लकडगंजमध्ये आमचं लाकडाचं दुकान आहे, नवरा गेल्यापासून मीच चालवते. दारावर लिंबू-मिरची टांगू देत नाही. एकदा नोकरानं टांगली, तर लिंबू सरबतात गेलं आणि मिरच्या वरणात. वय पन्नाशीला टेकलेलं, चष्मा फक्त वाचण्यापुरता, गोळ्या कसल्याच नाहीत. हे आधीच सांगून ठेवते, कारण खाली प्रतिक्रियांमध्ये तेच विचारलं जाणार.

आम्ही तिघी बुलेटवाल्या. मी, माझी शाळेपासूनची मैत्रीण सुनंदा, आणि कीर्ती. कीर्ती आमच्याहून बरीच लहान, हुडकेश्वरला जिम चालवते. हायवेवर आम्ही पुष्कळ फिरलो होतो, पण वाळूत गाडी कधी घातली नव्हती. कीर्ती ते रीतसर शिकून आली होती आणि आम्हाला शिकवायचंच असा तिनं चंग बांधला होता.

जागा म्हणजे मौद्याच्या पुढचं कन्हानचं पात्र. उन्हाळ्यात तिथे पाणी एका कडेला सरकतं आणि बाकी सगळी वाळू. राजस्थानसारख्या टेकड्या नाहीत, पण नदीनं लोटलेले आणि वाळू उपसणाऱ्यांनी सोडलेले ढीग आहेत. काही माणसाच्या उंचीचे, काही त्याच्या दुप्पट. पलीकडच्या काठाला टरबुजाच्या वाड्या. सकाळी पोचलो तेव्हाच ऊन चटके देत होतं.

कीर्ती टायरची हवा कमी करत होती, गाड्या रुतू नयेत म्हणून. मी सुनंदाला म्हटलं, "पोरीचं लग्न महिन्यावर आलं, अन् तू वाळूत लोळायले निघाली."

"म्हणूनच तर आली. एकदा विहीणबाई झाली की मले कोण येऊ देते?"

"पडली तर व्हीलचेअरवर कन्यादान करशील."

"तू ढकलशील नं व्हीलचेअर. ढकलता ढकलता शंभर सूचना करशील."

कीर्तीनं दोघींना गप्प केलं. "नीट ऐका. उभं राहून चालवायचं. पुढचा ब्रेक विसरून जा. अन् आरशात पाहत राहायचं. मागचीचा दिवा दिसला नाही तर तिथंच थांबायचं. वाळूत गाडी पडली तर आवाजसुद्धा होत नाही."

आमच्या गाड्यांचे दिवे इंजिन चालू असेपर्यंत आपोआप लागलेलेच असतात, त्यामुळे दिवसाही ते काम सोपं. पुढे कीर्ती, मध्ये मी, मागे सुनंदा, असं ठरलं.

"म्हणजे मी पडली तर मंदाच्या भरवशावर," सुनंदा म्हणाली. मंदा म्हणजे मी. "चालते. कटकट करते, पण थांबते ती."

निघालो. पहिल्या ढिगावर माझी गाडी सापासारखी वळवळली, पण उतरले. आरशात पाहिलं... दिवा होता. दुसऱ्या ढिगावरून पाहिलं, होता. मधल्या सपाटीवर मी डावा हात वर केला, ठीक आहेस ना अशा अर्थानं. मागून डिपर आला. दिवा एकदा मोठा झाला, परत लहान. मग मी निर्धास्त झाले. प्रत्येक ढिगावर पाहत होते, आणि प्रत्येक वेळी तो होता. ना जवळ, ना लांब.

शेवटी काठावर बाभळीखाली कीर्ती थांबलेली दिसली. दोन्ही अंगठे वर करून हसत होती. मी गाडी स्टँडवर लावली, हेल्मेट काढलं आणि म्हटलं, "सुनंदाले आधी पाणी दे. मी पिते नंतर."

कीर्ती माझ्या मागे पाहत होती. तिचं हसू उतरलं.

"सुनंदाताई कुठं गेल्या?"

मी वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

"आत्ता तर होत्या," ती म्हणाली. "तुम्ही त्या ढिगावरून उतरल्या अन् मागून त्या उतरल्या. मी दोघींले पाहिलं ताई."

शेवटचा ढीग आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. त्याच्या आड थांबली असेल म्हणून हाका मारल्या. इंजिनचा आवाज नाही. फोन लावला, वाजून वाजून बंद झाला. आम्ही ढिगावर चालत गेलो. पलीकडे सपाट वाळू, आणि तिच्यात टायरच्या खुणा. कीर्तीच्या आणि माझ्या. तिसऱ्या नव्हत्या.

 आम्ही गाड्यांकडे धावलो आणि आलो त्या वाटेनं परत सुटलो. उभं राहून चालवायचं, ब्रेक दाबायचा नाही, हे सगळं मी विसरले होते. डोक्यात एकच गोष्ट. वर आग ओकणारं ऊन, सुनंदाच्या अंगात जाड जॅकेट, डोक्यावर हेल्मेट, आणि ती नेमकी कुठे आहे ते मला माहीत नाही. मी थांबायला हवं होतं, पण कुठे, हेच मला कळत नव्हतं.

तिसरी खूण सुरू झाली ती थेट पहिल्या ढिगाशी. म्हणजे संपली होती तिथे. माथ्यावरून ती उजवीकडे घसरलेली दिसत होती.

सुनंदा खालच्या खळग्यात पडली होती. गाडी उजव्या पायावर. डोळे उघडे, चेहरा लालभडक. मी वर उभी राहून गाडी स्टँडवर लावत होते, तेवढ्यात कीर्ती घसरत खाली पोचली आणि आधी तिनं चावी बंद करायला हात घातला.

"चावी नाही," ती खालून ओरडली. "चावी काढलेली आहे."

"काढू दे. गाडी उचल आधी," म्हणत मी खाली उतरले.

दोघींनी मिळून गाडी उचलली. पाय घोट्याच्या वर मोडलेला स्पष्ट दिसत होता. सुनंदानं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "हेल्मेट काहून घातलं परत?" मी लक्ष दिलं नाही. ऊन लागलं की माणूस काहीही बोलतो.

पुढचं थोडक्यात. टरबुजवाल्यांचा ट्रॅक्टर, मग अँब्युलन्स, मग धंतोलीतलं हॉस्पिटल. डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, ऊन फार चढलं होतं, शुद्ध गेली असती तर हातातून गेली असती. "तुम्ही शेजारी बसून बोलतं ठेवलंत, ते फार बरं केलंत." मी म्हटलं, मी नव्हते बसले. ते म्हणाले, पेशंट तर तेच सांगते आहे.

ॲडमिशनसाठी माझं आधार कार्ड हवं होतं. ते मी जॅकेटच्या आतल्या, चेनच्या खिशात ठेवते. चेन उघडली, हात घातला... कार्डासोबत एक चावी हाताला लागली. निळी फीत बांधलेली. सुनंदाच्या गाडीची.

पहिला विचार तुमच्याही मनात आला असेल तोच. घाईगडबडीत मीच काढली असणार. कीर्तीला विचारलं, तर ती रडायलाच लागली. "ताई, मी चावी नाही म्हणाली तेव्हा तुम्ही वरच होत्या. गाडीले हातही लावला नव्हता तुम्ही."

सुनंदाला मी बरेच दिवस काही विचारलं नाही. प्लास्टरमध्येच लग्न झालं, व्हीलचेअर मी ढकलली. नंतर एका दुपारी तिच्या घरी बसलो असताना तिनंच विषय काढला. मी स्वच्छ सांगितलं, की मी तिच्याजवळ नव्हते, मी पुढे निघून गेले होते.

"ऊन लागून गेलं की काय तुले वं?" ती म्हणाली. "मी पडली, तू लगेच आली. चावी काढून खिशात टाकली. तुझ्या एकटीच्यानं गाडी उचलत नव्हती. मग उन्हाच्या बाजूनं बसली, माझ्या तोंडावर सावली येईल अशी. अन् डोळे मिटू देईना. लग्नाच्या जेवणाचा अख्खा मेनू बोलून घेतला माझ्याकडून. वडाभात काहून ठेवला, पाटोडी रस्सा पुरते का, आचारी कोण... मले संताप येऊन राहिला होता. मरता मरता पण कटकट."

मीही तेच केलं असतं, अगदी त्याच शब्दांत. 

मी खूप हिशोब मांडून पाहिले आहेत. आरशातला दिवा म्हणजे उन्हाची तिरीप, तर कीर्तीनं काय पाहिलं? सुनंदाला भास झाला, तर चावी कुणी काढली? माझ्या मागे जे होतं त्यानं मला थांबू दिलं नाही, आणि तिच्याजवळ जे होतं त्यानं तिला जाऊ दिलं नाही. ती दोन होती की एकच, तेही मला ठरवता आलेलं नाही. इथल्या जाणकारांना काही सुचलं तर सांगा. बाधा, उतारा वगैरे कृपया नको.

एकच गोष्ट मी अजून कीर्तीलाही सांगितलेली नाही. त्या दुपारी निघताना मी सुनंदाला विचारलं, आम्ही दोघी पोचायच्या आधी ती तुझ्याजवळून गेली कशी?

 पहिल्यांदाच सुनंदाच्या चेहऱ्यावर शंका दिसली.

"गाड्यांचा आवाज आला," ती म्हणाली. "तू उठली, मागची वाळू झटकली. म्हणाली, मंदा येऊन राहिली, आता मी जाते."