तिकटीवरचे दोन फेटे

कोल्हापूरच्या मिरजकर तिकटीवर, तीन रस्ते मिळतात तिथं, सकाळी जो बोर्ड लागला, त्यात एकही अक्षर चुकलेलं नव्हतं. फ्लेक्सवाल्या उदयसिंहाच्या मानानं हे आक्रीतच. चूक झाली होती ती माणसांत. फेटे बांधलेले दोन पन्नाशीचे पुरुष खांद्याला खांदा लावून खालच्या रिक्षा स्टॉपकडं बघून हसत होते, आणि त्यांच्या डोक्यावर हातभर अक्षरांत लिहिलं होतं, 'लग्न कुणी कुणाशी करावं हे सरकारनं ठरवू नये! आपले लाडके राजवीरदादा.'

त्या दोघांच्या सावल्या करायच्या होत्या. नुसत्या काळ्या सावल्या, फेट्याच्या आकाराच्या.

झालं असं, की पुढारी राजवीरदादा एका कॉलेजात पाहुणे म्हणून गेले होते. तिथं एका मुलीनं उठून विचारलं, "दोन पुरुषांच्या, दोन बायकांच्या लग्नाचं कोर्ट म्हणतंय संसदेनं बघावं, संसद काही बघत नाही. तुम्ही काय म्हणता?" दादांना टाळ्यांची चटक. बोर्डावरचं ते वाक्य बोलून गेले. टाळ्या तर अशा पडल्या, की दादांचा मोबाइल सांभाळणाऱ्या क्रांतीताईंनी तिथूनच उदयसिंहाला फोन लावला, "बोर्ड पायजे. आणि नेटवरची गोरी माणसं घालू नकोस. आपल्या मातीतली वाटली पायजेत."

मातीतली माणसं उदयसिंहाच्या कम्प्युटरमध्ये होती. त्याच्याच लग्नातला फोटो. त्यानं तो बोर्डात बसवला, वर काळा रंग ओतायचा तेवढा राहिला. तेवढ्यात वाढदिवसाच्या बोर्डवाले डोक्यावर येऊन बसले. कोल्हापुरात वाढदिवसाचा बोर्ड थांबत नाही. माणूस एखाद्या वेळेस थांबेल. त्या घाईत सावल्या राहिल्या आणि माणसं छापली गेली.

माणसं कोण, तर शिवमूर्ती फेटेवाले आणि गणपतराव.

शिवमूर्ती मूळचा गडहिंग्लजकडचा. आईशी कानडीत भांडायचा, गिऱ्हाइकाशी मराठीत. मंगळवार पेठेत असं घर नसेल ज्यातल्या नवरदेवाच्या डोक्यावर त्याचा हात पडला नाही. फेटा बांधताना तो दोनच शब्द बोलायचा, "मान सरळ." समोर आमदार असो की आमदाराचा ड्रायव्हर. गणपतराव गडमुडशिंगीचा, दुधाचा टेम्पो चालवायचा. दोघं एकाच घरात, एकाच चुलीवर, वर्षानुवर्षं. गल्ली त्यांना 'भागीदार' म्हणायची. फेट्याच्या धंद्यात दूधवाला कसला भागीदार, हे कुणी विचारलं नाही. कोल्हापूर बोलायला फटकळ खरं, पण काही गोष्टी न बोलण्यातही त्याचा हात कुणी धरणार नाही.

हा भागीदार कसला ते उदयसिंहाला कळलं, ते स्वतःच्या लग्नात. शिवमूर्तीकाकानं सगळं वऱ्हाड भराभरा बांधून काढलं आणि शेवटी गणपतरावला समोर बसवलं. एक पीळ घातला, सोडला, परत घातला. तुरा वर काढला आणि दोन पावलं मागं सरून बघत राहिला. तिकडं भटजी सावधान सावधान ओरडत होता, आणि नवरदेव मात्र अंतरपाटाच्या कडेनं ह्या दोघांकडं बघत होता. पुढं काकानं तो फोटो मागून नेला. घरात कपाटाच्या दाराला लावला. आतल्या बाजूनं.

आणि आता तोच फोटो तिकटीवर होता. बाहेरच्या बाजूनं.

उदयसिंह चहात खारी बुडवत होता तेव्हा क्रांतीताईंचा फोन आला.

"उदा, बोर्ड काढ आधी!"

"का ओ ताई? कालच तर सांगितलासा."

"कालचं सोड. संध्याकाळी वडीलधाऱ्यांची बैठक झाली. दादांची भूमिका बदलली."

"म्हंजे आता विरोध?"

"विरोध न्हाय. आपल्या मातीत असलं चालत न्हाय, एवढंच."

"आणि कॉलेजातली पोरं?"

"त्यांच्याबद्दल दादांना आदर हाय."

"मग नक्की काय हाय?"

"त्ये आज रॅलीत सांगतील. रॅली तिकटीवरनंच जाणार हाय, पोरं तापल्यात, बोर्ड दिसला तर फाडतील. आणि त्यावरची दोघं कोण हाईत रं? ग्रुपवर सगळी इचारालीत."

"दोघं कुठली ताई, सावल्या हाईत की."

ताईंनी फोटो पाठवला. उदयसिंहानं तो उघडला, आणि खारी कपात बुडाली ती बुडालीच.

काकाचा फोन लागेना. मग आठवलं, आज रॅली म्हणजे काका दादांच्या ऑफिसात असणार, फेटे बांधायला. ज्यांनी तो बोर्ड फाडायचा, त्यांचीच डोकी बांधत. उदयसिंहानं गाडीला किक मारली. ती तिसऱ्या वेळेला लागली. वाटेत त्याला काहीबाही दिसायला लागलं. घरमालक दारात, गल्लीतली पोरं खिडकीखाली, टेम्पोची फुटलेली काच. भीतीचं हे असंच असतं, तिला डिझाइन सांगावं लागत नाही, ती रंगीत छापूनच येते.

ऑफिसात दादा खुर्चीवर ताठ बसले होते. डोक्याभोवती निम्मा फेटा, उरलेलं कापड काकाच्या हातात. पंधरावीस कार्यकर्ते बांधलेल्या डोक्यांनी हलगीवाल्याची वाट बघत उभे. काका नेहमीसारखा, चेहऱ्यावर एक सुरकुती हललेली नाही. त्याला माहीत आहे की नाही, हेच उदयसिंहाला कळेना. त्यानं डोळ्यांनी खुणा केल्या. काकानं बघितलंच नाही.

क्रांतीताई मोबाइल घेऊन पुढं आल्या. "दादा, बोर्डावर कोण हाय बघा जरा."

दादांनी मान वळवली.

"मान सरळ," शिवमूर्ती म्हणाला.

दादांनी मान सरळ केली आणि डोळे तेवढे तिरके केले. मोबाइलकडं बघितलं. मग डोळे वर फिरवून आपल्या डोक्यावरच्या हातांकडं बघितलं. कार्यकर्त्यांतल्या एकानं काकाकडं बघून दुसऱ्याला कोपर मारलं. बाहेर हलगीवाला आला होता. हलगी तापवता तापवता त्यानं एक टिपरी मारून बघितली.

"शिवमूर्ती," दादा गोड आवाजात म्हणाले. दादांचा गोड आवाज म्हणजे काहीतरी मिटवायचं असतं. "ही तुझ्या फेट्याची जाहिरात न्हवं? बोर्डवाल्यानं घोटाळा केला, असं सांगून टाकू. शेजारचा तुझा कामगारच हाय न्हवं?"

काकाचे हात थांबले. उदयसिंहानं ते हात कधी थांबलेले बघितले नव्हते. कापड दादांच्या कानाशी लोंबत राहिलं. एका शब्दाचं काम होतं. व्हय. काका बोलेना. कार्यकर्ते बघत होते, आणि त्यांतल्या निम्म्यांच्या कपाळावर त्याच्याच हातचे पीळ होते.

उदयसिंहाला ती शांतता सोसली नाही. "व्हय दादा!" तो ओरडलाच. "कामाला हाय त्यो. काकांकडं कामाला हाय. चूक माझी!"

"मग झालं की!" दादा म्हणाले. खोली सैलावली. ताईंनी लगेच खुलासा टाइप करायला घेतला. काकानं राहिलेलं कापड गुंडाळलं, तुरा वर काढला, शेमल्याचं टोक पाठीवर सोडलं. फेटा नेहमीसारखाच देखणा झाला. फक्त मागं सरून त्यानं बघितलं नाही.

येताना काका गाडीवर मागं बसला. उदयसिंह धाकापोटी बोलत सुटला. मिटलं बघा काका, बोर्ड उतरवतो, जाळून टाकतो, कुणाच्या ध्यानातबी राहायचं न्हाय.

तिकटीवर गणपतराव उभा होता. दुधाचा टेम्पो कडेला लावून, कमरेवर हात ठेवून, वर बघत. रिक्षावाले त्याच्याकडं बघत होते, मग बोर्डाकडं, मग परत त्याच्याकडं. हसत कुणी नव्हतं, आणि त्याचीच जास्त भीती वाटत होती. काका उतरून त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला. बोर्डावर होते तसेच, डावीकडचा डावीकडं.

"माझा फेटा जरा कललाय व्हय रं?" गणपतरावनं विचारलं.

"तूच मान हलवलीस," काका म्हणाला. मग जरा थांबून, हलक्या आवाजात, "कामगार म्हणून सांगितलंय तुला. दादांफुडं."

"कुणी?"

काकानं उदयसिंहाकडं बोट केलं. गणपतराव नुसता 'बरं' म्हणाला आणि परत वर बघायला लागला. त्या 'बरं'पेक्षा त्यानं दोन थोबाडीत दिल्या असत्या तर उदयसिंहाला परवडलं असतं.

बिंदू चौकाकडून हलगीचा आवाज यायला लागला. आधी नुसती कडकड, मग घोषणा. उदयसिंह शिडी लावून वर चढला. तोंडात कटर, खाली बघायची सोय नाही. दोरीवर पातं टेकवलं. आवाज आता वळणाशी आला होता; फेट्यांचे तुरे दिसत होते, सगळे काकाच्या हातचे.

"काका, आले ओ!" तो वरून ओरडला. "कापू न्हवं?"

शिवमूर्तीनं वर बघितलं. दोन पावलं मागं सरला, तिथूनही बघितलं.

"फोटू चांगला आलाय, ऱ्हाऊ दे."